अकरा मिनिटांची साडेतीन कशी झाली

अकरा मिनिटांची साडेतीन मिनिटं होत नाहीत. दहा होतात, नशीब जोरावर असलं तर साडेनऊ होतात. बावीस वर्षं एकाच कंपायलरवर घालवली आहेत मी, मला कुणी शिकवू नये. त्यामुळे सोमवारी सकाळी भिंतीवरच्या पडद्यावर ‘तीन मिनिटं अठ्ठावीस सेकंद’ असा आकडा झळकला आणि मजल्यावरची झाडून सगळी माणसं टाळ्या वाजवायला लागली, तेव्हा मी तेवढी खुर्चीत बसून राहिले. माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

कारण हा पराक्रम केला होता माझ्या भावजयीनं.

धाकट्या भावाची बायको. दोन वर्षं आम्ही तिघं एका घरात राहतो, आणि सहा महिने ती माझ्याच ऑफिसात माझ्याच हाताखाली काम करते. घरी ती मला ‘वन्सं’ म्हणते, ऑफिसात ‘मॅडम’. ती लागली तेव्हाच मी साहेबांना सांगितलं होतं, घरचं माणूस म्हणून एका पैचीही सूट मिळणार नाही. साहेब म्हणाले, “ताई, तुमच्याकडून सूट कुणाला मिळालीय?” तिची सहा महिन्यांची परीक्षा येत्या शुक्रवारी संपत होती. कायम करायचं की घरी पाठवायचं, त्या कागदावर सही माझी. आणि भावाचा कारखाना बंद पडल्यापासून तो घरीच, त्यामुळे ही नोकरी गेली असती तर घरात काय झालं असतं हे मला वेगळं सांगायला नको होतं. तरी सही म्हणजे सही. डोळे मिटून मी कधी केलेली नाही.

कंपायलर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगते. आमच्या कंपनीची यंत्रं चालवण्यासाठी लोक जे प्रोग्रॅम लिहितात, ते वाचायचे, त्यातल्या चुका पकडायच्या आणि यंत्राला कळेल अशा रूपात ते तयार करून द्यायचे, हे त्याचं काम. प्रत्येक कामाची एका ओळीत नोंद असते, कुठल्या प्रकारचा माल आत घेणार आणि कुठल्या प्रकारचा बाहेर देणार. त्या ओळीला आम्ही टाइप सिग्नेचर म्हणतो. मोठ्या प्रोग्रॅममध्ये अशा लाखो ओळी. आमचा कंपायलर काय करायचा, तर ओळीतला एक शब्द हवा असला की तो तुकडा कापून वेगळा ठेवायचा. दुसरा हवा, दुसरा कापला. लाखो तुकड्यांचा ढीग साचायचा आणि मग तो झाडण्यातच मशीनचा जीव जायचा, म्हणून एका मोठ्या प्रोग्रॅमला अकरा मिनिटं.

हिनं ते कापणंच बंद केलं. ओळ म्हणजे नुसती अक्षरांची रांग, कॅरॅक्टर ॲरे. ती जागची हलवायची नाही. तुकडा हवा असला तर कितव्या अक्षरापासून कितव्या अक्षरापर्यंत, एवढंच लिहून ठेवायचं. शिंपी कापडावर खडूनं खुणा करतो आणि कात्री लावत नाही, तसं.

ऐकायला छानच आहे. चौदा वर्षांपूर्वी मलाही छान वाटलं होतं. तीन आठवडे घालवले होते मी त्याच्यावर. पण रांग एकच, ती वाचणारे कंपायलरचे भाग शंभर. कुणी एकानं त्यातलं एक अक्षर बदललं की बाकीच्या नव्व्याण्णवांनाही ते बदललेलंच दिसतं. दहातली एक फेरी काही कारण नसताना कोसळायची. शेवटी मी ते सगळं फेकून दिलं. त्यानंतर जो कुणी नवा माणूस ही कल्पना घेऊन आला त्याला मी एकच सांगितलं, “नाद सोड. ते होत नाही.”

आणि आता हिच्या हातून झालं. दहा दिवसांत. मी काय दुधखुळी आहे?

“शाब्बास,” मी तिच्या टेबलाजवळ जाऊन म्हटलं. “तपासण्या किती उडवल्यास?”

“एकही नाही, मॅडम.” आणि तिनं लॅपटॉपचं झाकण खाली केलं. हळूच, पण केलं. मी पाहिलं.

“मग दोन नावं सारखी आहेत की नाही हे इतक्या लवकर कसं कळतं त्याला?”

“आधी लांबी बघतो. लांबी सारखी असली तर शेवटच्या अक्षराकडून मागे येतो.”

“शेवटून? सरळ वाचायला काय झालं?”

“सगळ्या नावांची सुरुवात सारखीच असते ना. फरक शेवटी असतो. सुरुवातीपासून वाचत बसलं तर फुकटचा वेळ जातो.”

उत्तर चोख होतं. तेच मला खटकलं. ही मुलगी साधा प्रश्न विचारला तरी आधी दोनदा ‘म्हणजे काय आहे ना’ म्हणते. आज पाठ करून आल्यासारखी बोलत होती.

मंगळवारी मी तिचा कोड उघडला आणि ओळ न् ओळ वाचली. चूक सापडली नाही. पण दुसरंच काहीतरी सापडलं. तो तिच्या हातचा नव्हता.

बाहेरच्याला हे पटणार नाही, पण कोडला हात असतो. भावजय ऐसपैस लिहिते. लांबलचक नावं, दोन ओळींमागे एक ओळ मोकळी, ठिकठिकाणी समजावून सांगितलेलं. इथे नावं तेवढी तिच्या पद्धतीची होती, बाकी सगळं आखडून लिहिलेलं. मोकळी ओळ औषधाला नाही. मोजणी सगळीकडे उलटी, वरून खाली. समजावणं तर नाहीच, उलट एका ठिकाणी दरडावलेलं होतं, ‘इथे हात लावू नये.’ कुणीतरी कंजूष, तापट, स्वतःला फार शहाणं समजणाऱ्या माणसानं लिहिलेलं होतं ते. आणि हिनं वरवर नावं बदलून आपलं म्हणून खपवलं होतं.

आता सगळं आठवायला लागलं. गेल्या दोन आठवड्यांत ती चार-पाच वेळा फोन घेऊन जिन्यात गेली होती. एकदा मी पाण्याच्या निमित्तानं मागे गेले, तर तिचं वाक्य कानावर पडलं, “त्यांना कळता कामा नये, नाहीतर सगळंच मुसळ केरात.” मला बघून तिनं फोन ठेवला आणि हसली. त्या आधीच्या रविवारी मी दुपारी जरा लवकर घरी आले, तर भाऊ स्टुलावर उभा, डोकं माळ्यात, केसांत जळमटं.

“काय रे शोधतोयस?”

“काही नाही ताई, पंखा पुसत होतो.”

पंखा खोलीच्या मधोमध आहे. माळा दाराच्या वर. लहानपणापासून या मुलाला धड खोटं बोलता येत नाही. मी तेव्हा मूग गिळून बसले, मला वाटलं दोघं मिळून वेगळं बिऱ्हाड थाटायच्या विचारात असतील आणि बॅगा शोधत असतील. पण विचारलं नाही. मी का विचारू? सांगायचं असलं तर त्यांनी सांगावं.

बुधवारी सगळा हिशोब जुळला. आमच्याकडे येण्यापूर्वी ती ज्या कंपनीत होती, ती कंपनीही कंपायलरच बनवते. आमच्यापेक्षा दहापट मोठी. म्हणजे तिथून निघताना हिनं कुणाचा तरी कोड पळवला, आणि सहा महिने दाबून ठेवून परीक्षेच्या तोंडावर बाहेर काढला. फोन त्या जुन्या सोबत्याला. माळ्यावर कसली तरी डिस्क दडवलेली. नवरा सामील.

रागानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खरं सांगायचं तर नुसता राग नव्हता. चौदा वर्षं मी ज्याला ‘होत नाही’ म्हणत होते ते झालं होतं, आणि ते चोरून झालं असेल तर मला जरा बरं वाटणार होतं. हे तेव्हा मी स्वतःशीही कबूल केलं नसतं.

गुरुवारी दुपारी मी साहेबांना मेल लिहिली. ‘सदर कोड संबंधित व्यक्तीनं स्वतः लिहिलेला नाही, याबद्दल माझी खात्री आहे. तो तिच्या आधीच्या कंपनीतून आणलेला असावा. खुलासा होईपर्यंत तिला कायम करू नये, आणि चोरी सिद्ध झाल्यास तत्काळ काढावं.’ चोरी हा शब्द मी एकदा खोडला आणि पुन्हा लिहिला. मग पाठवून दिली. संध्याकाळी घरी तिनं मला चहा आणून दिला, आणि मी तो पेपरात तोंड घालून प्यायले.

शुक्रवारी अकरा वाजता साहेबांनी दोघींना त्यांच्या खोलीत बोलावलं. खोली म्हणजे काचेचा खोका, एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर पडदा. टेबलावर तिचा कायम करण्याचा कागद, खाली सहीची जागा कोरी.

साहेब भला माणूस. त्यांनी घसा खाकरला. “हे बघा, काम उत्तम झालंय, त्याबद्दल वाद नाही. मला फक्त एक सांगा. हा कोड तुम्ही लिहिलाय का?”

भावजय टेबलाकडे बघत होती. “थोडा मी लिहिलाय.”

“आणि बाकीचा?”

तिनं टेबलावरचा कागद सरळ करून ठेवला.

“आधीच्या कंपनीतला आहे?”

“नाही.”

“मग कुणाचा?”

“ते मी सांगणार नाही, सर.”

मी मनात म्हटलं, पडलं पितळ उघडं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. “नाव सांगितलं नाहीत तर मला हा कागद परत पाठवावा लागेल. आज तुमचा शेवटचा दिवस. कळतंय ना?”

“कळतंय.” तिनं मान वर केली. “तरी नाही सांगणार.”

माझं डोकं फिरलं. “अगं, पण कुणासाठी मरतेयस एवढी?” मी ओरडलेच. “कोण लागून गेलाय तो?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी बोलायची थांबले. रागानं नाही. मी एखादं दार बंद करायला विसरलेय आणि ते मला कसं सांगावं, असं काहीसं.

साहेबांनी सुस्कारा टाकला आणि वेळ काढायला म्हणून पडद्यावर तिच्या फाइली उघडून खाली सरकवत बसले. मी वाचलेला कोड गेला. मग चाचण्या आल्या. चाचण्या मी उघडल्या नव्हत्या. त्या कोण वाचतं? कंपायलरला खोटीखोटी नावं द्यायची आणि तो गोंधळतो का बघायचं, एवढंच असतं त्यात. नावं काहीही टाकतात लोक, फळं, भाज्या, मित्रांची टोपणनावं.

इथे नावं होती ‘खाट सतरा’ आणि ‘खाट अठरा’. सुरुवात सारखी, लांबी सारखी, फरक शेवटी. कंपायलरनं दोघांत गल्लत करू नये यासाठी घातलेली. त्याच्याखाली ‘सलाईन डावा हात’. त्याच्याखाली ‘सिस्टर रागीट’ आणि ‘सिस्टर प्रेमळ’.

मी खुर्ची पडद्याकडे ओढली.

खाट सतरावर आमचे बाबा होते. चौदा वर्षांपूर्वी, तीन आठवडे. अठरावर एक म्हातारे होते, ते दुसऱ्याच दिवशी गेले आणि चादर बदलून तिथे दुसरं कुणी आलं. मी दिवसभर त्या दोन खाटांच्या मध्ये एका लोखंडी स्टुलावर बसून असायचे. ऑफिसात जाता येत नव्हतं आणि काम सोडवत नव्हतं, म्हणून कोडची एक प्रत मी माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. सकाळी दवाखान्यात कागदावर लिहायचं, घरी अंघोळीला गेलं की टाइप करायचं. बाबा गेले त्या आठवड्यात मी ते सगळं फेकून दिलं असं मला पक्कं आठवत होतं. फेकलं नव्हतं. नुसतं उघडायचं बंद केलं होतं. पुढे तो कॉम्प्युटर कधीतरी माळ्यावर गेला आणि माझ्या डोक्यातून साफ उतरला.

तो कंजूष, तापट, अतिशहाणा माणूस मीच होते. स्वतःचाच हात मला ओळखता आला नव्हता.

आणि ही का गप्प होती, तेही त्याच क्षणी लख्ख कळलं. आमच्याकडे एक नियम आहे. कोड कंपनीबाहेर नेला, घरी नेला तरी, तर त्याच दिवशी नोकरी संपली. कितीही जुना माणूस असो, कितीही जुनी गोष्ट असो. तो नियम मी लिहिलाय. त्याखाली आजवर एकच माणूस गेला, आणि त्याला मीच पकडलं होतं. त्यानंही घरात आजारपण असल्याचं सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, “आजारपण सगळ्यांच्याच घरी असतं.”

“साहेब,” मी म्हटलं, “तो कागद जरा इकडे द्या.”

“ताई, पण अजून खुलासा...”

“द्या हो.”

मी सही केली. खाली तारीख घातली, वेळ घातली, अकरा वाजून वीस मिनिटं. सही करणारा माणूस त्या वेळी नोकरीत असावा लागतो, आणि पुढचं वाक्य बोलल्यावर मी नसणार होते. कागद त्यांच्या हातात दिला.

“आता ऐका. हा कोड माझा आहे. चौदा वर्षांपूर्वी घरी नेला होता, तो घरीच राहिला. हिनं तो फक्त परत आणलाय. परत आणण्याबद्दल नियमात काही नाही. नियम मीच लिहिलाय, मला पाठ आहे.”

साहेबांचा चेहरा पडला. “ताई, हे मी ऐकलंच नाही असं धरू का?”

“त्या काढलेल्या माणसाच्या वेळी धरलं होतं का आपण तसं? मग माझंही ऐका.”

तेव्हा कुठे भावजयीचा बांध फुटला. “म्हणूनच सांगितलं नव्हतं!” ती मॅडमबिडम सगळं विसरली. “वन्सं, मला माहीत होतं तुम्ही हेच करणार! भंगारात द्यायच्या आधी यांनी तो कॉम्प्युटर सुरू करून पाहिला, मी बघितलं, म्हटलं हे तर चालण्यासारखं आहे. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी स्वतःवर तक्रार केली असतीत! म्हणून जिन्यात जाऊन यांना फोन करत होते, म्हणून सगळी नावं बदलली मी. सगळी!” डोळे पुसत ती पडद्याकडे बघत होती. “ही चाचण्यांतलीही बदलायला घेतली होती. पण यांनी मला सांगितलं, खाट सतरा म्हणजे काय ते. मग नाही बदलवली.”

ती आमच्याकडे आली तेव्हा बाबांना जाऊन बारा वर्षं झाली होती. तिनं त्यांना पाहिलेलंही नाही.

माझं सामान एका खोक्यात मावलं. निरोपाची भाषणं मला झेपत नाहीत, म्हणून मी लिफ्ट सोडून जिन्यानं निघाले. ती खोक्याची दुसरी बाजू धरून बरोबर उतरली. दोन मजले गेले.

“माझं का चालत नव्हतं गं?” मी शेवटी विचारलं. “कुठे चुकत होतं?”

“एकाच ठिकाणी, वन्सं. नावातल्या टिंबांच्या जागी, यंत्राला लागतात तशा, तिरक्या रेघा घालताना तुम्ही त्या मूळ रांगेतच घालत होतात. मी आधी प्रत काढली आणि प्रतीत घातल्या.”

“किती ओळी?”

“एक.”

मी खोका पायरीवर ठेवला आणि शेजारी बसले. एक ओळ. चौदा वर्षं मी लोकांना नाद सोडायला सांगत होते. तीही माझ्याशेजारी बसली, पदराशी चाळा करत. सांगायलाच हवं होतं, आणि आता नाही सांगितलं तर कधीच सांगवणार नाही हे मला कळत होतं.

“अगं,” मी म्हटलं, “काल मी साहेबांना एक मेल लिहिली होती. तुझ्याबद्दल. फार वाईट लिहिलंय मी.”

“माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“खुलासा तयार ठेवायला लागतो ना, म्हणून साहेबांनी मला ती सकाळी नऊलाच वाचायला दिली होती,” ती म्हणाली, आणि खोक्याची आपली बाजू उचलून माझ्या उठण्याची वाट बघत उभी राहिली.